सूर्य पाठीशी ठेवून

"सगळ्यात बारीक स्क्रू-ड्रायव्हर द्या."

"किती बारीक?"

"घड्याळजीकडे असतो ना... तेवढा."

मी रजिस्टरमधून मान वर केली. आमच्या कंपनीत ट्रकचे गिअर बनायचे. तिथला सगळ्यात छोटा स्क्रूसुद्धा माझ्या अंगठ्याएवढा. घड्याळजीचं हत्यार मागणारा माणूस एक तर नवा असणार, नाहीतर चोर.

"कुठल्या मशीनसाठी?"

"मशीन तसं लहानच आहे."

"नंबर सांगा."

"नंबर नाही हो. जर्मन साहेबांचं आहे. चालता चालता रुसलंय."

"रुसलेल्याला स्क्रू-ड्रायव्हर लावतात होय तुमच्याकडे?"

"आमच्याकडे आधी विचारतात, कुठं दुखतंय म्हणून," तो म्हणाला. "मग लावतात."

बाहेर जुलैचा पाऊस पत्र्यावर नुसता रेंगाळत होता. साल १९७३. मी टूल स्टोअरच्या खिडकीत बसत असे. बाहेरून कामगाराने आपला पितळी बिल्ला द्यायचा, आतून मी हत्यार द्यायचं; हत्यार परत आलं की बिल्ला परत. चार वर्षांत मी एक गोष्ट शिकले होते. माणूस ओळखायला पत्रिका लागत नाही, त्याने परत केलेला पाना पुरतो. काही जण तेलाने बरबटलेला पाना खिडकीत आदळतात. काही जण दुसऱ्याचाच पाना आणून देतात आणि वर वाद घालतात. आणि काही जण तो पुसून, मूठ आपल्याकडे करून, हातात देतात. ही तिसरी जात चार वर्षांत मी दोनदाच पाहिली. त्यातले एक रिटायर झाले होते. दुसरा हा — जयसिंग काकडे. टूलरूममध्ये फिटर, कोरेगावकडचा, काळेवाडीत खोली घेऊन राहणारा.

दुसऱ्या दिवशी मी घरच्या शिलाई मशीनचा स्क्रू-ड्रायव्हर पर्समधून आणला.

"ह्याला बिल्ला लागत नाही," मी म्हटलं. "पण परत मात्र लागतो."

"आणि नाही केला तर?"

"तर आईचं परकर शिवणं थांबेल, आणि ती तुमच्या खोलीवर येईल."

तो हसला. आवाज न करता हसायचा. डोळ्यांच्या कडेला तेवढी एक घडी पडायची आणि लगेच मिटायची. मी तेव्हाच म्हटलं, वासंती मेहेंदळे, हे टिपून ठेव.

रुसलेलं मशीन म्हणजे सिनेमा काढायचा छोटा कॅमेरा निघाला. जर्मन साहेब करार संपवून मायदेशी चालले होते. कॅमेरा दुरुस्त झाल्यावर ते खूश झाले आणि त्याला म्हणाले, माझ्याकडे दोन आहेत, त्यातला कुठलाही एक घे, जमेल ते दे. सोबत चित्र दाखवायचा प्रोजेक्टरही देऊ केला.

जेवणाच्या सुट्टीत त्याने दोन्ही कॅमेरे माझ्या काउंटरवर आणून ठेवले. माझ्या डब्याच्या दोन बाजूंना दोन.

"सांगा बाई. कुठला घेऊ?"

एक नवा, हलका, बॅटरीवर चालणारा. फिल्मची डबी नुसती आत सरकवायची, आणि बटण दाबलं की लांबचं माणूस जवळ येतं. दुसरा जुना, चावी द्यायचा, विटेसारखा जड.

"मला सिनेमातलं काय कळतं?"

"हत्यारातलं कळतं ना."

मग मी स्टोअरकीपरसारखे प्रश्न विचारले. "ह्या नव्याची फिल्म कुठे मिळते?"

"परदेशात."

"आणि जुन्याची?"

"मुंबईला. पूर्व जर्मनीहून येते. काळी-पांढरी. धुवायलाही तिथंच."

"मग विचारताय काय? ज्याचा माल इथे मिळत नाही ते मशीन म्हणजे शोभेची वस्तू. आमच्याकडे तसली तीन पडलीयत, ताडपत्रीखाली."

"पण ह्यात लांबचं जवळ दिसतं हो..."

"चालत जा की जवळ. पाय कशाला दिलेत?"

त्याने जरा विचार केला. मग एक पाऊल खिडकीच्या जवळ आला — आणि थांबला.

"असं?"

मी डब्याचं झाकण लावलं. "तेवढं पुरे," मी म्हटलं.

त्याने जुना घेतला.

त्या कॅमेऱ्याचा हिशोब मला पाठ झाला. एक रोल म्हणजे चार मिनिटं. फिल्म एकदा चालवायची, मग अंधारात उलटून दुसऱ्या कडेने पुन्हा चालवायची. एका चावीत अर्धं मिनिट, मग कॅमेरा गप्प — मालकासारखाच. आणि धुऊन आलेला रोल एकुलता एक. फोटोसारखी निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. हरवला तर गेला.

म्हणून जयसिंग बटण दाबण्याआधी फार वेळ नुसता बघायचा. शिफ्ट सुटताना फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडतो, ते त्याला हवं होतं. रिमझिम चालू होती. मी छत्री धरून उभी राहिले. छत्री कॅमेऱ्यावर, आम्ही दोघं बाहेर. त्याच्या कोपरावरून पाणी ओघळून माझ्या मनगटावर पडत होतं. मी हात काढला नाही. त्यानेही कोपर काढलं नाही. अर्ध्या मिनिटाची चावी कधीच संपली होती...

"झालं का?" मी विचारलं.

"केव्हाचं."

"मग उभे का आहोत आपण?"

"छत्री तुमच्याकडे आहे," तो म्हणाला.

महिन्याभराने शनिवारी शिफ्टनंतर त्याने माझ्या टेबलावर प्रोजेक्टर मांडला आणि ड्रॉइंगच्या कागदाच्या पाठीवर ते चित्र दाखवलं. शेकडो सायकली, ओले रस्ते, डबे हेलकावणारे. मी नीट बघून घेतलं आणि म्हटलं, "एवढी माणसं आलीत. मी कुठाय?"

"तुम्ही छत्री धरली होतीत."

"म्हणजे छत्री धरणाऱ्याचं चित्र निघत नाही?"

"निघेल की." तो प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होता, ती उलटी गुंडाळली गेली. "तुमच्यासाठी... एक अख्खा रोल ठेवलाय."

अख्खा, म्हणाला. चार मिनिटं. सायकलींना त्याने अर्धं दिलं होतं.

जुलैपासून सप्टेंबरअखेर तो माझ्या खिडकीत एक्केचाळीस वेळा आला. त्यात हत्याराची खरी गरज नऊ वेळा होती. मी सगळं टिपत होते, आणि तरी एक शब्द मात्र माझ्या नोंदीत येत नव्हता, कारण तो त्याच्या तोंडून निघतच नव्हता. मेहेंदळे आणि काकडे ही दोन नावं एका लग्नपत्रिकेवर छापायला चिंचवड गावात तेव्हा छाती लागत असे. मला वाटे, ती त्याने दाखवावी. त्याला काय वाटे, ते त्याच्या कॅमेऱ्याला ठाऊक.

आणि मग कॅनडाहून पत्र आलं.

माझे वडील, अण्णा, देहूरोडच्या लष्करी डेपोत हेडक्लार्क होते. सरळ माणूस. त्यांनी एका स्थळाला माझा फोटो पाठवला होता. श्रीपाद बापट, इंजिनिअर, टोरांटो. त्याने लिहिलं होतं, की डिसेंबरशिवाय येता येणार नाही, आणि फोटोत सगळ्याच मुली सारख्या दिसतात. कुणाकडे सिनेमाचा छोटा कॅमेरा असेल तर हलतं-बोलतं नको, नुसतं हलतं चित्र पाठवता येईल का?

"वासू," अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, "तुमच्या कंपनीत असला कॅमेरा आहे का गं कुणाकडे?"

इथे मी माझी चूक कबूल करते. मी 'नाही' म्हणू शकले असते. पण मी स्वतःला फार हुशार समजत होते. मनात गणित मांडलं: जयसिंग घरी येईल, अण्णा त्याला बघतील, अण्णांना माणसं कळतात. आणि दुसऱ्यासाठी माझं चित्र काढायची वेळ आली, की हा मुका माणूस बोलेलच.

"आहे," मी म्हटलं. "टूलरूमला काकडे म्हणून आहेत."

दुसऱ्या दिवशी खिडकीत मी त्याला सगळं सांगितलं. तो पितळी बिल्ला बोटांत फिरवत ऐकत राहिला.

"नाही म्हणा की," मी म्हटलं.

"तुमच्या वडिलांनी निरोप धाडलाय. कसं नाही म्हणू?"

"मग बिघडवा. फिल्म धुऊन काळी येऊ द्या."

"काळी आली तर परत काढायला लावतील."

"मग मला वाईट काढा. कसं काढतात वाईट?"

"सूर्याकडे तोंड करून," तो हळू म्हणाला. "माणसाच्या मागं सूर्य ठेवला, की चेहरा कोळशागत येतो. फिल्मच्या डबीवर पहिलीच सूचना असते — सूर्य पाठीशी ठेवा."

"मग तुम्ही सूर्य समोर ठेवा. काळी, नकटी, बिनचेहऱ्याची येऊ दे मी. कबूल?"

"बरं."

"शब्द?"

"बरं म्हटलं ना बाई."

ऑक्टोबरातल्या रविवारी तो आमच्या घरी आला, इस्त्रीचा शर्ट घालून. आईला वाटत होतं, मी पोळ्या लाटताना दिसावं. अण्णांना वाटत होतं, इंग्रजी पेपर वाचताना दिसावं. शेवटी मी एका हातात पेपर धरून पोळी उलटली आणि बोट भाजून घेतलं. जयसिंग कॅमेऱ्याआडून म्हणाला, "फार छान. कॅनडात गॅस असतो म्हणा." अण्णा खदखदून हसले. मग त्यांनी स्वतःच्या पाटाशेजारी त्याचा पाट मांडला आणि त्याला आग्रह करकरून वाढलं. आमच्या घरात हे पहिल्यांदा घडत होतं. माझं गणित बरोबर येतंय, असं मला वाटलं. जयसिंग मान खाली घालून जेवत होता.

संध्याकाळी पवनेच्या घाटावर शेवटचं मिनिट उरलं. आई-अण्णा वर देवळापाशी बसले. मी पाण्याकडे पाठ करून पायरीवर उभी राहिले. सूर्य माझ्या मागे, नदीपलीकडे उतरत होता. ठरल्याप्रमाणे. जयसिंगने कॅमेरा डोळ्याला लावला. चावी दिली. आणि नुसता बघत राहिला.

"काढा ना," मी ओठ न हलवता म्हटलं.

त्याने कॅमेरा खाली घेतला. एकदा वर अण्णांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग माझ्या बाजूने वळसा घालून चार पायऱ्या उतरून पाण्याच्या कडेला गेला. सूर्य त्याच्या पाठीशी आला. सगळं ऊन माझ्या तोंडावर.

"वळा इकडं," तो म्हणाला.

आणि मी — मी तोंड फिरवायला हवं होतं, डोळे मिटायला हवे होते, निदान जीभ तरी काढायला हवी होती. मी वळले. खाली पाहिलं, पदर सारखा केला, आणि मग वर त्याच्याकडे बघितलं. जे तीन महिने खिडकीच्या गजांतून सुटं सुटं दिलं होतं, ते एकरकमी दिलं.

कॅमेरा थांबला. 

रोल मुंबईला गेला. तिथे श्रीपादचे मामा होते. त्यांनी तो धुऊन झाल्यावर उचलला आणि कॅनडाला निघालेल्या कुणाबरोबर परस्पर पाठवला. इथे कुणी तो पाहिलाच नाही. काढणाऱ्यानेही नाही. नोव्हेंबरात पत्र आलं. श्रीपादने लिहिलं होतं, 'मुलगी पसंत आहे. डिसेंबरात येतो तो साखरपुड्यालाच.'

आईने शेर-दोन शेर पेढे केले. त्यातले मला कंपनीत वाटायला दिले. जयसिंगच्या हातावर पेढा ठेवताना मी खिडकीतून एवढंच विचारलं, "सूर्य समोर ठेवणार होतात ना?"

"ठेवला होता," तो म्हणाला. "तुम्ही बघितलंत की. कॅमेऱ्यातून बघितलं तर... तुम्ही दिसतच नव्हता. हात वळला आपोआप. मला तुमचं वाईट काढता येईना."

"आता? आता तरी अण्णांशी बोला."

त्याने पेढा या हातातून त्या हातात घेतला.

"काकडे, मी विचारतेय."

"त्यांनी मला पाटाला पाट लावून जेवू घातलं बाई. मुलीचं लग्न जमावं म्हणून घरात घेतलं. त्याच घरात जाऊन मुलगी मागू? मग चोरात आणि माझ्यात फरक काय? खाल्ल्या मिठाला जागायला नको?"

"मीठ आईने टाकलं होतं. जास्तच टाकलं होतं," मी म्हटलं. पण त्याला हसू आलं नाही. मलाही आलं नाही.

त्यानंतर तो हत्यारासाठी दुसऱ्या कुणाला पाठवू लागला.

श्रीपाद डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आला. उंच, हसरा, बोलायला मोकळा. वाईट म्हणावं असं काही त्याच्यात सापडेना, मी शोधलं. चहा झाल्यावर त्याने अण्णांची रीतसर परवानगी घेतली आणि आम्ही गच्चीवर गेलो. वाळत घातलेल्या सांडग्यांच्या ताटापाशी तो माझ्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, "जरा माझ्याकडे बघता?"

मी बघितलं.

त्याने माझ्या डोळ्यांत नीट पाहिलं. मग कोटाच्या खिशातून रोलची पत्र्याची डबी काढली.

"ही फिल्म मी अकरा वेळा पाहिली. शेवटी घाटाच्या पायरीवर एक सावली पडलीय. काढणाऱ्याची. कोपर वर केलेली. सूर्य पाठीशी असला आणि दिवस कललेला असला की येते. मीही काढतो फिल्म, मला ठाऊक आहे. तुम्ही आधी त्या सावलीकडे बघता. पदर सारखा करता. आणि मग वर बघता. अकरा वेळा मला वाटलं, माझ्याकडे बघताय." तो थोडा हसला. "आता खरंच माझ्याकडे बघितलंत, तेव्हा कळलं. कोण आहे तो?"

खोटं माझ्या जिभेवर तयार होतं. पण त्याने इतकं नीट विचारलं होतं...

"कंपनीत आहे," मी म्हटलं. "बोलत नाही."

"एवढं बोललाय तो," श्रीपाद म्हणाला, आणि डबी माझ्या हातात दिली. "दुसरी प्रत नसते ह्याची. तुमच्याकडे असू द्या. घरी काय सांगायचं ते मी बघतो."

त्याने सांगितलं, की तिकडची थंडी हिला सोसणार नाही. अण्णा आठवडाभर तेच घोकत राहिले. "थंडीचं काय एवढं? स्वेटर विणले असते... चार विणले असते." आईने पेढ्याची परात घासून वर ठेवली. शेजारच्या बायका पाणी भरायला आल्या, की माझ्याकडे बघायच्या आणि मग हंड्याकडे. 'मोडलं वाटतं.' मुलीत काही असल्याशिवाय का मोडतं, हे न बोलता बोलायचं कसब आमच्या आळीत प्रत्येकीला होतं. त्या आठवड्यात मी नळावर जायचं बंद केलं.

अण्णा, श्रीपाद, जयसिंग — तिघांतही मला खोट काढता येत नव्हती. तीन सज्जन माणसांच्या मध्ये उभी होते मी. त्यातला एक जरी थोडा लबाड असता ना, तर माझं भलं झालं असतं.

पण मी खचले नव्हते. उलट. स्थळ गेलं होतं, मिठाचा प्रश्न मिटला होता. आता ह्याला गप्प बसायला कारणच उरलं नव्हतं. जानेवारीतल्या पहिल्या रविवारी, दुपारी, डबी पर्समध्ये टाकून मी नदी ओलांडून काळेवाडीला गेले. आयुष्यात पहिल्यांदा कुणा पुरुषाच्या खोलीवर. दारात घरमालकीण अंबुबाई लसूण सोलत बसली होती.

"जयसिंग हाय का?" ती म्हणाली. "हाय की. आत बसलाय, गावाकडनं आल्यापासनं कुनाशी बोलत न्हाई. तू कंपनीतली व्हय? जा बाई, जा. दार उघडं ठेव म्हंजी झालं."

मला बघून तो उठून उभा राहिला. मी एका दमात सगळं सांगितलं. श्रीपाद, गच्ची, सावली, थंडी. सांगता सांगता हसत होते मी.

"बाई, आधी मला एक सांगायचंय—"

"तुम्ही? सांगायचंय?" मी म्हटलं. "सहा महिने थांबलात, आता चार मिनिटं थांबा. आधी हे बघा. तुम्ही काढलंय आणि तुम्हीच पाहिलं नाहीत."

सहा महिने मी त्याच्या बोलण्याची वाट पाहिली, आणि बोलू लागला तेव्हा मीच त्याला गप्प केलं.

खिडकीवर अंबुबाईची वाकळ टांगली. दार अर्धं लोटलं. चुन्याच्या भिंतीवर मी पोळी उलटली, बोट भाजलं. दोघंही हसलो. मग पेपर वाचला. मग घाट आला. पाण्याचा उजेड भिंतभर हलत होता. पायरीवर, माझ्या पायांपासून वीतभर अंतरावर, ती सावली होती, कोपर वर केलेली. मी तिच्याकडे पाहिलं. पदर सारखा केला. आणि वर बघितलं.



"चूक झाली," तो पुटपुटला. "सावली आली. पहिल्या दिवशी शिकतात हे... मी खाली बघितलंच नाही."

"कुठे बघत होतात?"

फिल्म संपली. शेपूट फटफट आपटत राहिलं, भिंतीवर नुसता पांढरा चौकोन. त्याने चाक थांबवलं, पण दिवा बंद केला नाही.

"तुमचे पेढे खाल्ले," तो त्या चौकोनाकडे बघत म्हणाला, "आणि त्याच रात्री गावी थोरल्या दादांना पत्र टाकलं. तुम्हाला हवं तिथं करा, म्हणून. त्यांनी खटाव तालुक्यातलं घर बघितलं. गुरुवारी... सुपारी फुटली, बाई. चारचौघांत. दादांनी शब्द दिलाय."

मी विचारलं, "नाव काय तिचं?"

"इंद्रायणी."

"चांगलंय."

"तुम्ही म्हणाल तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. पण मान वर केली. मी जर तेव्हा 'मोडा' म्हटलं असतं, तर त्याने मोडलं असतं. एकदा त्याचा हात वळला होता. पुन्हाही वळला असता.

मी म्हणणारच होते. तोंड उघडलं होतं. पण मला आमच्या आळीतला नळ दिसला. तिथे हंडा घेऊन उभी असलेली कुणी एक इंद्रायणी. तिच्याकडे बघून हंड्याकडे बघणाऱ्या बायका. घरात तिचे वडील, 'काय कमी पडलं' म्हणत हिंडणारे. सुपारी फुटलेल्या मुलीचं मोडलं, तर खेड्यात तिला वर्षानुवर्षं तेच ऐकावं लागतं. मी आठच दिवस ऐकलं होतं.

"नको," मी म्हटलं.

त्याने रोल काढून डबीत ठेवला आणि माझ्यापुढे धरला. "तुम्ही न्या. लपवून ठेवायची वस्तू घरात नको मला."

"तेवढंच ना? तुम्ही तर मेलात तरी सरळच मरणार." मी डबी घेतली.  "पण मी तशी जाणार नाही. माझं एक येणं आहे तुमच्याकडून. जे अण्णांना सांगायचं होतं, ते मला सांगा."

"आता काय उपयोग?"

"उपयोगाचं मी बघते. तुम्ही सांगा."

तो भिंतीवरच्या उजेडात उभा राहिला. शर्टाची वरची गुंडी लावली. हात एकदा विजारीला पुसले, आणि जोडले. माझ्याकडे बघत, पण माझ्याशी नाही, असा तो बोलू लागला.

"अण्णा," तो म्हणाला, "मी जयसिंग दौलतराव काकडे. टूलरूमला फिटर आहे. कोरेगावला तीन एकर जिराईत आहे. दुसरं काही नाही. तुमच्या घरी जेवलो, आणि तुमच्याकडंच मागायला आलोय. रागवा, पण ऐकून घ्या. तुमची वासंती... मला लई आवडते. जुलैपासनं. तिला मी कधी उन्हात उभी करणार नाही, चित्र काढायचं असेल तेवढं सोडून. तुम्ही... तुम्ही तिला माझ्या घरी द्या."

बाहेर अंबुबाईचं लसूण सोलणं थांबलं होतं.

मी अण्णांसारखा चष्मा कपाळावर सरकवायला हात नेला. चष्मा नव्हताच. अण्णांच्या आवाजात बोलायचं होतं मला, जरा खाकरून, जरा रागावून. पण आवाज माझाच निघाला.

"दिली," मी म्हणाले.

मग आम्ही दोघांनी मिळून खिडकीवरची वाकळ काढली. बाहेर अजून लख्ख दुपार होती.